लेसर, प्रेस ब्रेक आणि गावाचा प्रश्न: कुपवाडच्या मित्राला सविस्तर उत्तर

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच कळेल. कुपवाड एमआयडीसीत तुमचं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं, आज चोवीस माणसं. मुख्य काम इलेक्ट्रिक पॅनलचे बॉक्स, जोडीला शेतीअवजारांच्या फ्रेम. आजवर शिअरिंग (पात्याने पत्रा कापणं), गॅस कटिंग, पॉवर प्रेस यांवर भागवलं आणि नाजूक काम बाहेरून लेसर कटिंग करून आणलं. आता स्वतःचं 3 किलोवॅटचं फायबर लेसर (किरणाने पत्रा कापणारं मशीन) आणि 100 टनी सीएनसी प्रेस ब्रेक (संगणकावर चालणारं, पत्रा वाकवणारं मशीन) घ्यायचं चाललंय. दोन्ही मिळून 85 लाख, त्यातले 65 लाख पाच वर्षांच्या कर्जातून. बातमी शेजारच्या वस्तीत पोचली आणि लोक विचारायला लागले, "आमच्या पोरांना यात काय?" आयटीआयचे सर मुलांना बघायला आणू का म्हणतायत. वडिलांचं म्हणणं, शाळेला देणगी द्यावी. आणि तुम्ही विचारताय: नफ्याचे किती टक्के बाजूला काढायचे, कायद्याची सक्ती आहे का, आणि नक्की करायचं काय?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात हातात खडू घेऊन फरशीवर ड्रॉइंग काढायला शिकलो आणि गेली सव्वीस वर्षं पत्र्याच्या कामात आहे. आमचं शॉप शिरोलीला, अडतीस माणसांचं. पहिलं लेसर आम्ही 2016 साली बसवलं. तेव्हा मलाही मशीन हा एक विषय आणि गाव हा दुसरा विषय वाटायचा. मशीनसाठी मी बँकेत बसायचो आणि गावासाठी वर्षातून एकदा चेक फाडायचो. आज माझं मत पूर्ण बदललंय. दोन्हींचं उत्तर एकाच आकड्यात असतं: तुमचं मशीन महिन्याला किती तास रिकामं राहणार आहे?

कायद्याचं आधी संपवतो, कारण ते सोपं आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 मधली समाजासाठी खर्च करण्याची सक्ती कंपन्यांना लागू होते, आणि तीही 500 कोटी नेटवर्थ, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा यांपैकी एक तरी टप्पा गाठला तर. तिथे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. तुमची भागीदारी फर्म आहे, म्हणजे हे कलम तुम्हाला लागूच नाही. त्यामुळे टक्केवारीचा विचार डोक्यातून काढून टाका. पहिली पाच वर्षं हप्ता फेडताना नफा कधी दिसेल, कधी दिसणार नाही. "नफ्याचे दोन टक्के" म्हटलं की तोट्याच्या वर्षी गावाचं काम आपोआप बंद पडतं, आणि मंदीच्या वर्षीच गावाला आपली गरज जास्त असते.

आता तासांचा हिशेब. 65 लाख, पाच वर्षं, व्याज 10 टक्के धरलं तर हप्ता साधारण 1 लाख 38 हजार येतो. एका शिफ्टला महिन्याचे 25 दिवस धरले तर 200 तास. पण 200 तास बीम, म्हणजे लेसरचा कापणारा किरण, चालत नाही. पत्रा चढवणं, उतरवणं, नोझल बदलणं, फोकस बघणं, प्रोग्रामची वाट बघणं यात वेळ जातो. नव्या शॉपमध्ये पहिल्या वर्षी 90 तास बीम चालला तरी मी चांगलं म्हणेन. म्हणजे तुमचा हप्ता कागदावर तासाला 690 रुपये दिसतो, प्रत्यक्षात तो बीमच्या तासाला दीड हजाराच्या वर पडतो. त्यावर वीज, गॅस, ऑपरेटर, लेन्स वेगळे. आता तुम्हीच लिहिलंय की बाहेरच्या लेसर कटिंगला सध्या महिन्याला सरासरी 95 हजार जातात. म्हणजे स्वतःच्या कामातून एवढेच वाचतात, उरलेलं जॉबवर्कमधून, म्हणजे दुसऱ्यांचं काम कापून देऊन आणायचं. कुपवाड, मिरज, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात जॉबवर्कला बसलेली लेसर मशीन आधीच पुष्कळ आहेत. हे मी घाबरवायला सांगत नाही. पण गेल्या बारा महिन्यांची बाहेरची बिलं टेबलावर पसरा, त्यातली किती कामं 3 मिलिमीटरच्या आतली, किती 6 च्या वरची, हे वहीत लिहा, आणि मगच ऑर्डर द्या.

परिस्थितीनुसार उत्तर बदलतं ते इथे. पॅनल बॉक्स म्हणजे 1.2 ते 2 मिलिमीटरचा पत्रा. त्याला 3 किलोवॅट पुरून उरतं. अवजारांच्या 10-12 मिलिमीटरच्या प्लेट ऑक्सिजनवर (किरणासोबत सोडायचा गॅस) निघतील, फक्त सावकाश. पण कोणी 6 किलोवॅट गळ्यात मारत असेल तर जाड काम महिन्याला किती, एवढंच विचारा. आणि एक गोष्ट कोटेशन देणारा स्वतःहून सांगणार नाही. ऑक्सिजनवर कापलेल्या एमएसच्या (साध्या पोलादाच्या) कडेवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. त्यावर पावडर कोटिंग केलं की सहा महिन्यांत कडेपासून रंग सुटायला लागतो. पॅनलवाल्याची तक्रार तिथूनच सुरू होते. पातळ पत्रा नायट्रोजनवर किंवा चांगल्या कोरड्या हवेवर कापा, नाहीतर कड घासायला माणूस ठेवा. मग तो खर्च हिशेबात धरायला विसरू नका.

माझं स्पष्ट मत विचाराल तर तुमच्या जागी मी आधी प्रेस ब्रेक घेतला असता आणि लेसर वर्षभराने. कापून मिळणं सोपं आहे, फोन केला की टेम्पो येतो. वाकवून बरोबर मिळणं अवघड. बेंडमध्ये अर्धा मिलिमीटर चुकला की दरवाजा बसत नाही, आणि तेव्हा चूक कटिंगवाल्याची की बेंडिंगवाल्याची यावर दोन दिवस भांडण. बेंडिंग आपल्या हातात आलं की निम्मं रिजेक्शन आपल्या नजरेखाली येतं. टनेज, म्हणजे दाबाची ताकदही तपासून घ्या. व्ही-डायचं (पत्रा ज्या खाचेत दाबून वाकवतात तिचं) तोंड जाडीच्या आठपट घ्यायचं, आणि मीटरला लागणारं टनेज काढायचं तर मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग गुणिले 65, भागिले व्हीचं तोंड. 3 मिलिमीटरचा एमएस पत्रा अडीच मीटर लांबीत वाकवायला 24 च्या व्हीमध्ये जवळपास 61 टन लागतात. तेच 6 मिलिमीटरला 122 टन. एसएस (स्टेनलेस स्टील) असेल तर त्याच्या दीडपट धरा. म्हणजे बॉक्ससाठी 100 टन ठीक, पण अवजाराची 6 मिलिमीटरची लांब पट्टी त्यावर निघणार नाही. हे आज कळलेलं बरं.

दोन्ही एकदम घ्यायचंच ठरलं असेल, बँकेने मंजुरी दिली असेल, तर घ्या. पण मग पहिली दोन वर्षं महिन्याला निदान साठ-सत्तर तास मशीन काम नसल्यामुळे उभं राहणार, हे मनाशी धरून चला. याच तासांमध्ये मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिसतं.

हप्ता तुम्हाला भरायचाच आहे, मशीन चालो वा न चालो. त्यामुळे रिकाम्या आठ तासांत गावासाठी काही कापलं तर जादा खर्च होतो तो वीज, गॅस, ऑपरेटरचा वेळ आणि पत्रा एवढाच. दहा हजाराची देणगी दिली तर दहा हजारच खिशातून जातात. तेच दहा हजार पत्रा, वीज, गॅस यांत घातले तर बाजारात पंचवीस-तीस हजाराला मिळणारी वस्तू तयार होऊन बाहेर पडते. आणि ती तुमच्या माणसांच्या हातची असते, बिघडली तर दुरुस्त करायला माणूस तुमच्याकडेच असतो. म्हणून मी टक्के ठरवत नाही, तास ठरवतो. आमच्याकडे महिन्याचे आठ तास आहेत. ते प्रॉडक्शनच्या बोर्डवर बाकीच्या जॉबसारखेच लिहिलेले असतात, जॉब नंबर टाकून. मशीन रिकामं असताना आठ तास देणं काहीच नाही. तिसऱ्या वर्षी मशीन भरलं आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तेच आठ तास फार जड वाटतात. बोर्डावर नंबर नसता तर आमचे तास तेव्हाच गेले असते.

पण गावाचा विचार करण्याआधी कुंपणाच्या आत बघा. नवीन मशीन आलं की सगळ्यात आधी धसका बसतो तो तुमच्या गॅस कटरला आणि शिअरिंगच्या माणसाला. ते तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत, घरी बोलतील, आणि त्यांची घरं त्याच वस्तीत आहेत. वस्तीतल्या लोकांनी "आमच्या पोरांना काय" असं विचारलं, त्यातला निम्मा प्रश्न तिथून आलेला असू शकतो. आमच्याकडे 2016 ला हेच झालं. वीस वर्षं टॉर्च धरलेला आमचा एक गॅस कटर मशीन आल्यावर महिनाभर गप्प होता. मी संगणक येणारा नवा डिप्लोमा झालेला मुलगा ऑपरेटर म्हणून घेतला होता. प्रेस ब्रेकवर त्या मुलाचे सलग तीन दिवस पीस वाया गेले. प्रोग्राम बरोबर, कोन चुकतोय. शेवटी हा गॅस कटर आला, पत्रा हातात घेतला, कडेने बोट फिरवलं आणि म्हणाला, "मालक, या दोन शीट वेगवेगळ्या लॉटच्या हायत, आणि ही आडवी कापलीय." रोलिंगच्या दिशेने वाकवलं की पत्रा वेगळा वागतो, आडवं वाकवलं की वेगळा, आणि लॉट बदलला की वाकवल्यावरचं परत उसळणं बदलतं. त्याच्या बोटांना ते कळत होतं. आज तो आमचा बेंडिंगचा मुख्य माणूस आहे. स्क्रीनवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या, चार महिने लागले, पण झालं.

तेव्हा मशीनची ऑर्डर देतानाच सप्लायरकडून ट्रेनिंगचे दिवस लिहून घ्या, आणि त्यात एक तरुण व एक जुना माणूस अशी जोडी बसवा. नुसता तरुण शिकला तर दीड वर्षात त्याला चाकणहून फोन येईल. जुना माणूस टिकतो आणि शॉपमधली भीतीही घालवतो. मशीन यायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की कोणाला कमी करणार नाही, कोणाचं काम काय होणार. ते शब्द पाळता येणार नसतील तर सांगू नका.

सुरक्षिततेचंही याच बैठकीत सांगा, कारण इथे जुना अनुभव उलटा धोक्याचा ठरतो. गॅस कटिंगचा काळा चष्मा घातला की लेसर बघायला हरकत नाही, असं जुन्या माणसांना वाटतं. फायबर लेसरचा किरण 1.07 मायक्रॉनच्या आसपासचा असतो, डोळ्याला दिसत नाही, पण थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो आणि तिथे इजा करतो. गॅस कटिंगचा चष्मा त्यासाठी केलेलाच नसतो. मशीनची केबिन बंद हवी, खिडकीची काच त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित हवी. जुन्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर मशीनचं साधं ॲक्रिलिक इथे अजिबात चालत नाही. स्वस्तात मिळणारं उघडं मशीन तर घेऊच नका. नायट्रोजनची सिलिंडर बंद खोलीत ठेवू नका. गळती झाली तर वास येत नाही, माणूस नुसता खाली बसतो. धूर ओढायचा ब्लोअर आणि फिल्टर मशीनसोबतच घ्या, "नंतर बघू" म्हणू नका. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. कटिंगचा धूरही मी त्याच नजरेने बघतो. जीआय (जस्त चढवलेला पत्रा) कापताना निघणारा जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, हे तुमच्या जुन्या वेल्डरना विचारा.

कुंपणाबाहेरची पहिली जबाबदारी याच धुराची आणि आवाजाची. ब्लोअरचं तोंड वस्तीकडे असेल तर शाळेला दिलेल्या देणगीने काहीही भरून निघत नाही. आवाज लेसरचा फारसा नसतो. तो कॉम्प्रेसरचा, चिलरचा (मशीन थंड ठेवणाऱ्या यंत्राचा), आणि सगळ्यात जास्त रात्री दोन वाजता टाकलेल्या पत्र्याचा असतो. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबलची आहे, औद्योगिक भागात 70 ची. तुमची भिंत औद्योगिक हद्दीत असली तरी पलीकडे झोपलेलं लेकरू रहिवासी भागात आहे. आम्ही रात्रपाळी सुरू केली तेव्हा कॉम्प्रेसर रस्त्याच्या बाजूला हलवला, कापलेले पीस पडतात त्या ट्रॉलीत जुन्या कन्व्हेयरचा रबरी पट्टा अंथरला, आणि रात्री दहानंतर ट्रक उतरवणं बंद केलं. त्या तीन गोष्टींचा खर्च देणगीइतकाही नव्हता. वस्तीतल्या तक्रारी मात्र थांबल्या.

आता आयटीआय. सरांना नाही म्हणू नका, पण साठ मुलांची एक दिवसाची सहल घेऊ नका. आम्ही दोनदा केली. पुढची दहा मुलं बघतात, मागची पन्नास मोबाइल काढतात, आमचं अर्ध्या दिवसाचं काम थांबतं आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी आधी सरांनाच बोलवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत वेल्डर आणि शीट मेटलचे दोन शिक्षक आठवडाभर आमच्याकडे येऊन बसतात, स्वतः बेंडचा प्रोग्राम करतात, पीस मोजतात. एक शिक्षक शिकला तर पुढची दहा वर्षं त्याची प्रत्येक बॅच शिकते. दुसरं, कटपीस. लेसरच्या शीटमधून जे तुकडे उरतात त्यातले हातभर मापाचे बाजूला काढा, कड घासून घ्या आणि महिन्याला ठरलेल्या वजनाने आयटीआयला वेल्डिंगच्या सरावाला द्या. 2 मिलिमीटरची 2500 बाय 1250 ची एक शीट 49 किलोची असते. त्यातले पाच-सात किलो चांगल्या मापाचे तुकडे भंगारात गेले तर तुम्हाला भंगाराचा भाव मिळतो, मुलाला मात्र त्यावर वीस टाके मारता येतात. सरावाला पत्रा नाही म्हणून वर्षभर एकाच तुकड्यावर वेल्डिंग करणारी मुलं मी पाहिलीत.

तिसरं, ॲप्रेंटिस. 30 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. तुम्ही चोवीस, म्हणजे तुमच्यावर सक्ती नाही, पण तीन जणांपर्यंत घेता येतील. मी म्हणेन दोन घ्या. नोंदणी सरकारी पोर्टलवर रीतसर करा, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतून स्टायपेंडचा काही वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि वर्ष संपल्यावर त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. आणि त्या मुलांना झाडू मारायला, चहा आणायला ठेवू नका. आमच्याकडे पहिले तीन महिने मोजमाप आणि डिबरिंग (कडा घासून साफ करणं), मग तीन महिने बेंडिंगला मदत, मग वेल्डिंग, शेवटी लेसरवर लोडिंग आणि नेस्टिंग (एका शीटमध्ये जास्तीत जास्त पीस बसवणं), असा फिरता क्रम आहे. वर्षानंतर नोकरी देऊच, असा शब्द मी कोणाला देत नाही. वस्तीतल्या लोकांनाही तुम्ही हेच स्पष्ट सांगा: "दरवर्षी दोन मुलं शिकवीन, नीट शिकवीन, जागा असेल तर ठेवीन." लेसरने माणसांच्या जागा एकदम वाढत नाहीत. गावाला खोटी आशा लावली तर पुढच्या वर्षी ती तुमच्या दारात येऊन उभी राहते.

इथवरचा क्रम एकदा लक्षात ठेवा: आधी आपली माणसं, मग धूर-आवाज, मग शिकणारी मुलं. गावाला वस्तू देणं त्यानंतर येतं, आणि त्यात मी स्वतः चुकलोय, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

2017 साली आम्ही एका शाळेला तीस बाकं दिली. उरलेला पाइप, उरलेला पत्रा, छान रंग, कार्यक्रम, फोटो. मी ना शिक्षकांना विचारलं होतं, ना मुलांच्या उंचीचं माप घेतलं होतं. वर्षाच्या आत फळ्या हलायला लागल्या आणि एका बाकाच्या खालच्या न घासलेल्या कडेने एका मुलीचा तळहात कापला. शाळेने कळवलं नाही, कारण भेट म्हणून दिलेल्या वस्तूची तक्रार कशी करायची! मला ते आमच्या हेल्परकडून कळलं, त्याची पोर त्याच वर्गात होती. सगळी बाकं परत आणली, कडा वळवून घेतल्या, बोल्ट बदलले. तेव्हापासून नियम आहे: गावाच्या कामाला गिऱ्हाइकाच्या कामाइतकंच ड्रॉइंग, तेवढीच तपासणी, आणि वर्षातून एकदा आमचा माणूस जाऊन बघून येणार.

विचारायचं कसं, हाही प्रश्न आहे. ग्रामसभेत विचारलंत तर कमान मागतील. एकेकट्याला विचारा. आम्ही असंच विचारत फिरलो तेव्हा तिघांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सांगितली: स्मशानातली लोखंडी दाहिनी. दर दोन वर्षांनी ती वाकते, मयताच्या वेळी लाकडं ढासळतात, आणि ते दुःखात असलेल्या माणसांना बघावं लागतं. जाऊन पाहिलं तर सगळ्या पट्ट्या दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या. 2 मीटरची पट्टी सातशे अंशांनी तापली की दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब होते. तिला सरकायला जागा नाही म्हणून ती वाकते. आम्ही बाजूच्या 12 मिलिमीटरच्या प्लेटमध्ये लेसरने लांबट खाचा पाडल्या, पट्ट्या त्यात नुसत्या अडकवल्या, एका टोकाला सरकायला जागा ठेवली. वेल्डिंग नाही. पट्टी खराब झालीच तर ती एकटी बदलायची, गावातला कोणीही बदलू शकतो. चार जादा पट्ट्या तिथेच शेडमध्ये ठेवल्या. अशा कामावर कोणाचं नाव लिहायचं नसतं, आम्हीही लिहिलं नाही.

तुम्ही सांगलीचे, पुराचं तुम्हाला मी काय सांगणार. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फुटांच्या वर गेली, आणि इकडे शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यामुळे आमचं शॉपही बंद होतं. पाणी उतरल्यावर आमची पहिली कल्पना कपडे-भांडी वाटायची होती. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या शिक्षिका म्हणाल्या, "कपडे खूप आलेत. आमचे दाखले, रजिस्टर गेले." मग त्या गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत पुराच्या खुणेच्या दोन फूट वर भिंतीला रॅक बसवले, जीआय पत्र्याचे, पुढून झडप, पाणी निथळायला खाली भोकं. 2021 ला परत पाणी आलं तेव्हा रजिस्टरं कोरडी राहिली. कुपवाड उंचावर आहे, पण तुमच्या माणसांपैकी कितीजण नदीकाठच्या गावांतून येतात ते विचारा. तुमचे आठ तास तिथेही लागू शकतात.

हिशेबाची एक गोष्ट तुमच्या सीएला आजच विचारून ठेवा. मोफत दिलेल्या वस्तूला लागलेल्या मालाचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेता येत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये ते अडवलेलं आहे. आधी घेतलं असेल तर परत करावं लागतं. म्हणून जॉब नंबर वेगळा ठेवा, त्यावर किती पत्रा गेला ते लिहा. आणि या कामासाठी खेळत्या भांडवलाला हात लावू नका. पैसे अडकले असतील तर आधी ते सोडवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, बिलावर नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात, आणि आयकर कायद्यात तशी तरतूद आल्यापासून मुदत उलटूनही वर्षाअखेरपर्यंत पैसे न देणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. हे त्यांच्या अकाउंटवाल्याला शांतपणे सांगितलं की पैसे लवकर निघतात, हा माझा अनुभव.

वडील शाळेच्या देणगीचं म्हणतायत त्याला मोडता घालू नका. त्यांच्या पिढीने अशीच शाळा-देवळं उभी केलीत आणि त्यांना ते मनापासून वाटतं. त्यांना ते एकेकट्याला विचारायचं काम द्या. गावात त्यांना जे सांगतील ते तुम्हाला सांगणार नाहीत.

आणि मशीन दाखवायचंच आहे तर खंडेनवमीचा दिवस धरा. त्या दिवशी तसंही कोणी काम करत नाही, मशीन धुऊन-पुसून पूजेला उभं असतं. आम्ही त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आणि शेजारच्या वस्तीला दुपारी चार ते सहा बोलावतो. फरशीवर पिवळा पट्टा मारलेला असतो, मेन स्विच खाली पाडून कुलूप घातलेलं असतं आणि किल्ली फोरमनच्या खिशात असते. माहिती मी देत नाही. ज्याच्या हातात मशीन आहे तो माणूस आपल्या बायकोपोरांसमोर उभा राहून सांगतो. पहिल्या वर्षी आमच्या त्या गॅस कटरची आई आली होती. तिने प्रेस ब्रेकच्या पंचाला (वरच्या दाबणाऱ्या भागाला) हळदकुंकू लावलं आणि पोराला विचारलं, "हे तू वाकवतोस व्हय?" तुमचं मशीन दसऱ्याच्या आधी बसत असेल तर तारीख आत्ताच ठरवून टाका.